लाइन गेली

गेल्या महिन्यात एका ॲपच्या मराठीकरणाचं काम माझ्याकडे आलं. चारशे ओळींचा तक्ता, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे माझ्यासाठी रिकामा रकाना. 'पुढे', 'मागे', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा' असलं सगळं, झोपेतही होण्यासारखं. दोनशे सतराव्या ओळीत मात्र अडखळले. तिथे एकटाच शब्द बसला होता: लाइन. मागे काही नाही, पुढे काही नाही. काय लिहू? ओळ? रेघ? रांग? दोरी? तक्ता पाठवणाऱ्या मुलाला विचारलं, "संदर्भ काय आहे याचा?" तोही कामाच्या रगाड्यात असावा. उत्तर आलं, "मॅडम, लाइन म्हणजे लाइन."

हेच उत्तर मला पूर्वी एकदा मिळालं होतं. तेव्हा मी आठ वर्षांची असेन आणि उत्तर देणारे होते बाबा.

माझे वडील लाइनमन. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात 'लाइनमनचं घर' विचारलं की लोक अजून आमच्याकडेच बोट दाखवतात. वीज मंडळात लागले तेव्हा लाइनमन होते, २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हाही लाइनमनच होते. पुढे कंपनीने या लोकांना 'जनमित्र' असं गोड नाव दिलं, पण त्या नावाने बाबांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. "लाइनमन भाऊ, लाइन कवा येईन?" एवढंच ऐकत मोठी झाले. आमच्या दारावर घंटा नव्हती, तिची गरजच पडली नाही.

वऱ्हाडात विजेला लाइन म्हणतात. पुण्या-मुंबईची 'लाइट' जाते, आमची 'लाइन' जाते. दुपारी पंखा थांबला की अख्ख्या गल्लीतून एकच सूर निघतो, "गेली व माय लाइन!" खांब, खांबावरची तार, तारेतली वीज, ती येण्याजाण्याच्या वेळा, साऱ्याला मिळून हा एक शब्द. 'वावरात लाइन नाही' याचे तर दोन अर्थ होतात. एक, वावरात अजून खांबच पडलेले नाहीत. दोन, खांब आहेत, मोटरही आहे, पण मोटरीला लागणारी थ्री फेज वीज रात्री बाराला येणार. यातला कुठला ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. याच गोंधळात मी बाबांना विचारलं होतं, "बाबा, लाइन म्हणजे तार की करंट?" ते बुटाची नाडी बांधत होते. म्हणाले, "लाइन म्हणजे लाइन."

इंग्रजीत वीज गेली की 'लाइन गेली' असं कुणी म्हणत नाही. तिथे तारेला लाइन म्हणतात, तारेत जे वाहतं त्याला नाही. तो अर्थ आपल्या लोकांनी त्या शब्दात भरला. आणि हे एवढ्यावर थांबलेलं नाही. या शब्दाने आपल्याकडे येऊन जे संसार थाटलेत, ते बघून त्याच्या माहेरच्यांनी तोंडात बोट घालावं.

आता त्याचं लिंगच बघा. इंग्रजीत या शब्दाला लिंगबिंग काही नसतं. मराठीत आल्या आल्या तो 'ती' झाला. ओळ ती, रांग ती, रेघ ती, दोरी ती, मग लाइनही तीच. आणखी एक गोष्ट काम करता करता ध्यानात आली. जुने, मुरलेले अर्थ मराठी विभक्ती नीट अंगावर घेतात. रेशनच्या लाइनीत उभे राहतो, पोरांना लाइनीवर आणतो, भिंतीवर लाइनी मारतो. टेलिफोन नंतर आला, तिथे 'लाइनीवर थांबा' कुणी म्हणत नाही, 'लाइनवर थांबा' म्हणतात. आणि सगळ्यात धाकटं 'ऑनलाइन' तर कशालाच बधत नाही. 'ऑनलायनीत' म्हणून बघा, स्वतःलाच हसू येतं. एखादा पाहुणा किती जुना आहे ते तो स्वयंपाकघरात किती आत येतो यावरून ओळखावं, तसं आहे हे.

गवंड्याची लाइन मात्र थेट चुलीजवळ बसणारी. आमच्या घराची मागची भिंत बांधताना मी तासन्‌तास बघत बसायचे. दोन टोकांना दोन विटा, त्यांना ताणून बांधलेली सुतळीसारखी दोरी, आणि त्या दोरीला लागून एकेक वीट. दोरी लावायला लागली की मिस्त्री ओरडायचा, "लाइनदोरी आण रे!" लाइन म्हणजे दोरीच, आणि वर पुन्हा दोरी. पण मिस्त्रीला दोन्ही हवेत, ओळंब्यासारखंच तेही त्याचं हत्यार आहे. बांधकामाच्या साइटवर अजूनही तोच शब्द ऐकू येतो, लेसरने रेघ पाडणारी यंत्रं आली तरी.

कॉलेजला अमरावतीला गेले तेव्हा आणखी एक लाइन भेटली. ती मारतात. हा अर्थ आपला देशी माल आहे. मारणाऱ्याने मारली आणि समोरून थोडा प्रतिसाद आला तर त्याला लाइन देणं म्हणतात. म्हणजे वीज मंडळाच्या कनेक्शनसारखीच प्रक्रिया, आधी अर्ज, मग मंजुरी. माझ्या बाबतीत मात्र प्रकरण अर्जाच्या पुढे गेलं नाही. गावाकडच्या एका पोराने आधीच पसरवून ठेवलं होतं, "लाइनमनच्या पोरीले लाइन नोको मारू, शॉक लागते." तीन वर्षं मी अगदी निर्वेध अभ्यास केला. त्या पोराचे आभार मानावेत की त्याच्या कानाखाली काढावी, हे अजून ठरलेलं नाही.

मग नोकरी, लग्न आणि ठाणे. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "माहेर कुठल्या लाइनला?" मला वाटलं कुठल्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कुठल्या तारेवर, असं विचारतायत. मुंबईच्या माणसाचा पत्ता लाइनीने सुरू होतो. सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. सोयरिकी करतानाही लाइन बघतात, कारण डोंबिवलीची मुलगी बोरिवलीला दिली की माहेरपण दादरला गाडी बदलून करावं लागतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिची ३४ किलोमीटरची लाइन माझ्या खिडकीतून दिसते. पण बाबा पहिल्यांदा ठाण्याला आले तेव्हा त्यांना तिचं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष वरच्या तारांकडे. हार्बरची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र डोळे चमकले: ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली ती हार्बरवर. म्हणाले, "म्हणजे खाली बी लाइन, वर बी लाइन." मग लोकलच्या पूर्ण प्रवासभर दारातून मान बाहेर काढून वर बघत उभे राहिले, आणि मी त्यांचा सदरा धरून.

आमच्याकडे रेल्वेची लाइन एकच, मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जाणारी शकुंतला. नॅरोगेज. तिने गावांचे दोन भाग केले, की पलीकडच्या वस्तीचं नाव लाइनपार. गाडी बंद पडली तरी वस्तीचं नाव काही बदललं नाही. नागपूरला सिव्हिल लाइन्स, जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पोलीस लाइन. छावणीत आणि वसाहतीत ओळीने बांधलेल्या घरांवरून ही नावं पडली. सरकारी क्वार्टरात राहणारी माझी मैत्रीण 'आम्ही लाइनीतले' असं जरा ऐटीतच सांगायची.

ते ॲपचं काम राहिलंच. दोन दिवसांनी त्या मुलाने पडद्याचं चित्र पाठवलं, तेव्हा कळलं की तो शब्द मेट्रोसाठी होता. तिकीट काढायचं ॲप. म्हणजे मराठीत 'मार्गिका'. मुंबईची भुयारी मेट्रो, साडेतेहतीस किलोमीटरची, सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत 'मेट्रो ३ मार्गिका' असते आणि तोंडात 'ॲक्वा लाइन' किंवा नुसती 'थ्री'. मी रकान्यात 'मार्गिका' लिहिलं. शब्द वाईट नाही, तब्येतीने जरा नाजूक आहे एवढंच. सरकारला मुळात लाइन आवडत नाही. सरकार रेषा आखतं: नियंत्रण रेषा, दारिद्र्यरेषा, पूररेषा. लाइनीत लोक उभे राहतात, रेषेखाली ते मोजले जातात.

एव्हाना मला त्या शब्दाचा नाद लागला होता. तो मुळात आला कुठून ते बघावं म्हणून कोश उघडला. इंग्रजीतल्या लाइनमध्ये दोन प्रवाह मिसळले आहेत, जुन्या इंग्रजीतला दोरी या अर्थाचा शब्द आणि फ्रेंचमधून आलेला रेघ या अर्थाचा. दोन्ही जातात लॅटिनमधल्या 'लिनिया'कडे, म्हणजे धागा. आणि लिनिया कशावरून, तर 'लिनम'वरून. लिनम म्हणजे जवस.

जवस! मी खुर्चीतून उठलेच. स्वयंपाकघरात फळीवर आईने पाठवलेल्या चटणीची बरणी होती, तळाला दोन चमचे उरलेली.

ज्यांनी जवसाचं वावर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रब्बीचं पीक. काड्या बारीक, गुडघ्याच्या आसपास उंच, आणि थंडीत त्याला निळी फुलं येतात. त्या निळ्याला मराठीत नेमकं नाव नाही. आकाशी म्हणावं तर फिकं, जांभळं म्हणावं तर गडद. सकाळी शाळेत जाताना पट्टाच्या पट्टा निळा दिसायचा, आणि दुपारी परत येताना त्या निळ्यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नसायचं, पाकळ्या गळून मातीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळं. लहानपणी मला वाटायचं की तिथली लाइन जाते आणि येते.

युरोपात या झाडाची काडी महत्त्वाची. ती पाण्यात कुजवायची, कुटायची, विंचरायची, की आतला धागा सुटतो. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. त्या धाग्याची ताणलेली दोरी म्हणजे लिनिया. दोरी ताणली की सरळ रेघ मिळते, म्हणून रेघेलाही तेच नाव. आमच्या मागच्या भिंतीवरचा मिस्त्री रोमन गवंड्याशी एका शब्दाने बांधलेला होता, त्याला त्याचा पत्ता नव्हता. धाग्यासाठी उंच वाढणाऱ्या जाती वेगळ्या आणि तेलासाठी बुटक्या, फांद्या फुटणाऱ्या वेगळ्या. आपल्याकडे तेलाच्या. त्यांनी काडी कातली, आपण बी खाल्लं. त्यांच्याकडे लाइन आली, आपल्याकडे चटणी.

चटणी कशी करायची तेही सांगून टाकते, नाहीतर आई रागवेल. जवस कोरडेच मंद आचेवर भाजायचे, ते तडतडून उडायला लागले की झाले. लसूण, सुकी लाल मिरची, जिरं, मीठ. खलबत्त्यात कुटली तर जवस अर्धवट राहतात आणि दाताखाली येतात, मिक्सरला लावली तर तेल सुटून गोळा होतो. आईचं मत खलबत्त्याच्या बाजूने आहे. माझ्याकडे खलबत्ता आहे, वेळ नाही. भाकरीवर चटणी, वरून कच्चं तेल.

एकदा हे लक्षात आल्यावर घरभर जवस दिसायला लागले. कोटाच्या आतलं अस्तर, इंग्रजीत लायनिंग, कारण पूर्वी ते लिननचं असे. मराठीत मात्र 'लायनिंगचा शर्ट' म्हणजे रेघारेघांचा शर्ट. एका परदेशी गिऱ्हाइकाच्या कॅटलॉगमध्ये एका जॅकेटचं वर्णन होतं, लाल लायनिंगचं. माझ्या हाताखालच्या मुलीने भाषांतर केलं, 'लाल पट्ट्यांचं जॅकेट'. मी तिला चूक दाखवली खरी, पण आतून तिची बाजू पटत होती. सगळ्या कपड्यांच्या दुकानांत लायनिंग या शब्दाचा जो अर्थ चालतो तोच तिने लिहिला होता. दवाखान्यात जमिनीवर अंथरतात ते लिनोलियम, त्यातही जवसाचं तेल. माझा भाऊ नवी बॅट आणली की तिला आठवडाभर अळशीचं तेल पाजायचा. अळशी म्हणजे जवसच. मग ती बॅट घेऊन तो गोलंदाजाची लाइन आणि लेंग्थ बघायचा. आकाशवाणीवरचे मराठी समालोचक त्याला 'दिशा आणि टप्पा' म्हणत, फार सुंदर शब्द. पण भाऊ त्रिफळाचीत झाल्यावर "लाइन चुकली" म्हणायचा, दिशा चुकली असं कधी म्हणाला नाही.

झाडाचं शास्त्रीय नावही लिनम. पुढचा शब्द 'युसिटाटिसिमम', म्हणजे फार उपयोगाचं, सगळ्यात वापरातलं. कार्ल लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं तेव्हा त्याच्या मनात झाड होतं. मला वाटतं ते शब्दालाही चालेल.

एक लाइन मात्र मला अजून पचत नाही. डेडलाइन. माझं पोट तिच्यावर चालतं आणि झोप तिच्यामुळे जाते. ही लाइन अमेरिकेतल्या यादवी युद्धात सापडते. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिलला १८६४ साली युद्धकैद्यांची छावणी होती. लाकडी तटाच्या आत काही फुटांवर एक हलकं कुंपण घातलं होतं, त्याला डेड लाइन म्हणत. तिच्या पलीकडे हात जरी गेला तरी मचाणावरचा पहारेकरी गोळी घाली. त्या छावणीत सुमारे ४५ हजार कैदी आले आणि जवळपास १३ हजार तिथेच मेले, बहुतेक उपासमारीने आणि रोगांनी. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी झाली. पुढे तो शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत शिरला आणि मजकूर देण्याच्या वेळेला लागला. आता तो मला रोज ईमेलमध्ये येतो, बरोबर एक हसरा चेहरा जोडून.

पण डेड लाइन हा शब्द मी त्याच्या कितीतरी आधी ऐकला होता, आणि तो भीतीचा नव्हता.

मृगाचं पहिलं वादळ होऊन गेलं होतं. मी सातवीत. ओढ्याजवळ बाभळीची फांदी अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारांवर पडली होती आणि आईने माझ्या हाती बाबांचा डबा पाठवला. मी पोचले तेव्हा बाबा डायरीत परमिटचा, म्हणजे लाइनवर काम करायच्या परवानगीचा नंबर लिहीत होते. उपकेंद्रातून लाइन बंद झाल्याचं कळलं होतं. त्यांनी जाऊन लाइन तोडणारा एबी स्विच उघडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मला वाटलं आता चढतील. त्यांनी जमिनीत लोखंडी सळई ठोकली, तिला जाड तार बांधली, आणि लांब दांड्याच्या टोकाचा आकडा वरच्या तारेला अडकवला. एक. मग दुसरी. मग तिसरी. हे सगळं खांबाच्या अलीकडे, आणि मग पुन्हा पलीकडे. ओल्या मातीतून बूट काढत चालल्याचा आवाज अजून कानात आहे. हेल्पर कंटाळून तंबाखू मळत होता. मी विचारलं, "बाबा, लाइन बंद आहे ना? मग हे कायले?"

"चालू लाइनले सारेच भेतात," बाबा म्हणाले. "माणूस मरते तो बंद लाइनवर."

कुणीतरी घरचा जनरेटर उलटा जोडून ठेवलेला असतो. दूर कुठे दुसऱ्या फीडरची तार टेकलेली असते. दहा कोसांवर वीज पडते. बंद तारेत ते कधी येईल सांगता येत नाही, पण आलंच तर आधी मातीत जावं म्हणून ती सळई. अर्थिंग झाल्यावर बाबांनी हेल्परकडे बघून मान हलवली आणि पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, "डेड हाय." मग चढले. मी डबा मांडीवर घेऊन खाली बसले, आणि वरून हिरव्या फांद्या पडत राहिल्या.

परवा रात्री अकराला त्यांचा फोन आला. मी चिडचिडलेली, तक्त्याच्या बऱ्याच ओळी अजून बाकी. म्हटलं, "बाबा, नंतर बोलते. उद्या सकाळची डेडलाइन आहे."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं, लाइन कट झाली.

"डेड आहे ना?" बाबा म्हणाले. "मंग भेतं कायले? अर्थिंग करून घे अन् चढ."

मागून आई विचारत होती, चटणी संपली का म्हणून.